खैरीपारच्या चौऱ्याण्णव रेघा

लटारू मापारी म्हणजे मोजण्यातला बाप माणूस. नागभीडकडच्या ज्या खेड्यात तो जन्मला तिथं खळ्यावर धानाची रास पडली की पहिलं नाव त्याचंच निघे. शाळेचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं, सही म्हणाल तर डाव्या हाताचा अंगठा. पण कुडो, म्हणजे धान मोजायचं माप, हातात आला की गडी असा मोजत सुटे की शेतकरी आणि व्यापारी दोघंही तोंडात बोटं घालून बसत. वीस कुडो धान म्हणजे एक खंडी. वीस भरले की लटारू कोळशानं भिंतीवर एक रेघ ओढी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. संध्याकाळी रेघा मोजल्या की काम फत्ते. चाळीस वर्षांत त्याच्या रेघेवर कुणी बोट ठेवलं नाही. सख्ख्या भावांच्या वाटणीतलं भांडणसुद्धा लटारूची रेघ पाहिली की मिटायचं.

मग गावोगावी लोखंडी काटे आले. पोतं काट्यावर टाकलं की आकडा दिसे, मापाऱ्याला विचारतो कोण? पोट तर विचारतंच. एकोणऐंशी साली लटारू आणि गुणाबाई बोचकं बांधून चांद्याला आले. कागदोपत्री त्याचं चंद्रपूर होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण लटारूच्या पिढीला ते चांदाच. आणि चांदा तेव्हा असं फुगत होतं, की विचारू नका. कोळशाच्या खाणी, विजेचं मोठं केंद्र, त्याची बांधकामं, आणि जिकडून तिकडून लोंढे. नदीच्या अलीकडे शहर, पलीकडे मजुरांची वस्ती, तिचं नाव खैरीपार. लटारूला खैरीपारच्या आरागिरणीवर चौकीदारी मिळाली आणि गिरणीच्या कुंपणाला लागून एक खोली.

खैरीपारचं दुखणं एकच, ती नदी. डांबरी रस्त्यानं शहरात जायचं तर दोन कोस वळसा. एसटी दिवसातून दोनदा, तीही मर्जी झाली तर. मग लोक काय करणार? कोळशाच्या गाड्या जायच्या त्या रेल्वेच्या पुलावरून चालत जायचे. सरळ गेलं की पाव तासात शहर. पण त्या पुलाला ना पायवाट ना कठडा. स्लिपरांच्या फटीतून खाली नदी दिसायची. मध्ये दोन ठिकाणी लोखंडी सज्जे होते, गाडी आली की धावत जाऊन त्यावर जीव मुठीत धरून उभं राहायचं. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन बाया जायच्या, दवाखान्यातल्या आया जायच्या, बिगारी जायचे, पोरी दप्तर छातीशी धरून शाळेत जायच्या. लटारू आल्यापासून त्या पुलावर चार माणसं गाडीखाली गेली होती. प्रत्येक वेळी लोकांनी हळहळायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्लिपरांवर पाय ठेवायचे. पोट असं असतं, बाप्पा.

चौऱ्याऐंशी साल उजाडलं आणि खैरीपारात एक बातमी आली. पूल पहिल्यापासून दोन रुळांचा बांधला होता, एक जागा रिकामी पडून होती. तिथं आता नवा रूळ पडणार होता, आणि त्या रुळावरून नुसता कोळसा नाही तर माणसंही जाणार होती. चार डब्यांची शटल. वीज केंद्रापासून शहरातून थेट बल्लारपूरकडे, दर वस्तीला एक थांबा. ही बातमी वाचून दाखवली भैयाजीनं. भैयाजी म्हणजे सायकलचं पंक्चर काढणारा पण वस्तीचा पुढारी, कारण वस्तीत रोज पेपर घेणारा तो एकटा.

"पण एक गोष्ट आहे," भैयाजी म्हणाला. "थांबा सगळ्याइलेच नाई भेटणार. जिथी रोजची तीनशे माणसं चढन, तिथीच थांबा. मोजणी होणार आहे."

"तीनशे?" लटारू हसला. "तीनशे तं आपल्या इथून सूर्य निघायच्या आधी जातेत."

मोजणीचे साहेब नागपूरहून जीपमधून आले. तरुण होते, घाईत होते, पण माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांना पाच वस्त्यांवर पाच माणसं मोजायला हवी होती. बाकी चार ठिकाणी शाळेचे मास्तर मिळाले. खैरीपारात शाळाच नव्हती, आणि शिकलेला जो कोणी होता तो पहाटेच पूल ओलांडून कामावर. भैयाजी म्हणाला, "साहेब, मोजायचं आहे ना? मंग आमच्या लटारूभाऊपरीस मोजणारा उभ्या जिल्ह्यात नाई."

साहेबांनी लटारूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीन दिवस, पहाटे पाच ते नऊ. पुलावर जाणारी माणसं मोजायची आणि या पुठ्ठ्यावर रेघा मारायच्या. जमेल?"

"साहेब, चाळीस वर्सं रेघाच मारल्या."

साहेब खूश. लटारूही खूश. दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही की रेघ म्हणजे किती, हे विचारावं. का विचारतील? साहेबाच्या जन्मात रेघ म्हणजे एक. लटारूच्या जन्मात रेघ म्हणजे खंडी. सूर्य कोणत्या बाजूला उगवतो हे कुणी कुणाला विचारतं का!

तीन पहाटे लटारू पुलाच्या तोंडाशी स्टुलावर बसला. धोतर धुतलेलं, डोक्याला नवा शेला. गुणाबाईनं चहाचा गंज भरून शेजारी ठेवला तर त्यानं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माणूस गेला की ओठ हलायचे, वीस झाले की पेन्सिलीची एक रेघ, सरळ, ताठ. लोक जाताना थट्टा करायचे, "मामा, माह्या पोटातलंही धरा बरं!" एक गरोदर बाई म्हणाली तर लटारूनं मान वर न करता सांगितलं, "मापात जे दिसते तेच मोजतो, बाई." वस्तीतल्या अंजनाबाईचा पोरगा श्रीहरी तर मुद्दाम दोनदा मागे-पुढे गेला. "मोजा मले दोनदा, लटारूभाऊ, आपल्याले थांबा लवकर भेटन." लटारू उखडला. "एका दाण्याले दोनदा मोजनारा मापारी नसते, चोर असते. पुढं हो." श्रीहरी हसत हसत पूल उतरून गेला.

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता लटारूनं शेवटची रेघ मारली. चौऱ्याण्णव. आणि वर वीसही न भरलेली नऊ माणसं, ती खंडीत बसत नव्हती म्हणून मनातच ठेवली. साहेबांचा माणूस अकराला आला, पूल रिकामा होता, त्यानं पुठ्ठा घेतला. लटारू म्हणाला, "एकही सुटला नाई, सांगजा साहेबाले." त्या दिवशी तो घरी आला तो छाती पुढं काढून. गावचा कुडो हातातून गेल्यापासून इतका ताठ तो कधी चालला नव्हता.

एप्रिलात नवा रूळ पुलावर पडला. लोकांना तो देवासारखा वाटला. जुन्या रुळावर कोळशाची गाडी असायची, नव्यावर अजून काहीच धावत नव्हतं. मग सगळे नव्या रुळावरून बिनघोर चालू लागले. बाया गप्पा मारत जाऊ लागल्या. श्रीहरी वीज केंद्राच्या बांधकामावर बिगारी होता, त्या महिन्यात रात्रपाळी करून सकाळी परत यायचा. त्या सकाळी जुन्या रुळावर समोरून कोळशाची गाडी आली. तो आपला नव्या रुळावरून निवांत येत होता. गाडीचा आवाज कानात इतका भरलेला की मागून नव्या रुळावर खडीचे डबे ढकलत पहिलंवहिलं इंजिन आलं, ते त्याला कळलंच नाही.

लटारूनं गिरणीच्या फाटकातून ते पाहिलं. ओरडला. दोन्ही हात वर करून ओरडला. त्याचा आवाज त्याचा त्यालाही ऐकू आला नाही. मग दोन्ही गाड्या निघून गेल्या आणि पूल रिकामा राहिला. लटारू फाटकाला धरून उभा होता. गुणाबाईनं त्याला हलवलं तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं जे निघालं ते "अंजनाबाईले कोन सांगन?"

अंजनाबाईला लटारूनंच सांगितलं. छप्पन साली चांद्याच्या दीक्षेला नवऱ्याबरोबर गेलेली बाई ती, नवरा लवकर गेला तरी कुणापुढं हात न पसरता तिनं या एका पोराला वाढवलं होतं. ऐकल्यावर ती रडली नाही. पाच दिवस तिच्या दारात माणसं बसून होती, विहारात वंदना झाली, तरी ती बोलेना. सहाव्या दिवशी लटारू जवळ जाऊन बसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला. "बाई, आता थांबा येऊन राह्यला. आपला आकडा पक्का आहे, मी मोजला आहे. आता कोन्या मायच्या पोराले या पुलावर चालत जा लागनार नाई." अंजनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पाच दिवसांत तिनं कुणाला दिलेली ती पहिली दाद होती.

जून लागला, उन्हाची काहिली सरत नव्हती. एका सकाळी भैयाजी पेपर हातात घेऊन पळत आला, लुंगीचा सोगा सुटलेला. "लटारूभाऊ! यादी आली! आपलं नावच नाई!"

"नाव नाई म्हंजे?"

"पाचपैकी चार वस्त्याइले थांबा. खैरीपारपुढं लिवलं आहे, रोजची माणसं एकतीस. एकतीस! तुमच्या डोळ्यापुढून सहाशे माणूस जाते आणि हे लिवून राह्यले एकतीस! सरळसरळ डाका आहे हा."

लटारूचं डोकं तापलं. "कोनं लिवलं? मुस्काट फोडतो त्याचं! मी मोजले ना, मी!"

"म्हनूनच तं आलो. उद्या विहारापुढं सभा ठेवतो. परवा कचेरीवर मोर्चा. तुमी सगळ्याइच्या पुढं. तुमी सांगायचं का मी इतकी मोजली. हे पाहा, खाली बारीक अक्षरात लिवलं आहे," भैयाजीनं पेपर डोळ्याशी धरला, "तीन दिवसांत एकूण चौऱ्याण्णव, म्हनून रोजचे एकतीस."

लटारूनं पेपराचा कोपरा धरला.

"किती म्हनलं?"

"चौऱ्याण्णव."

चौऱ्याण्णव हा आकडा कुणी मनानं रचलेला नव्हता. तो त्याचाच होता. एकेक रेघ त्याच्या हातची. कुणी एक खोडली नव्हती, कुणी एक वाढवली नव्हती. साहेबानं जशीच्या तशी धरली होती, फक्त एका रेघेला एक माणूस धरला होता. भैयाजी काहीबाही बोलत होता, सरकारला शिव्या देत होता, आणि लटारूच्या कानात नुसता घुंघुं आवाज. भैयाजी निघून गेला तेही त्याला कळलं नाही.

गुणाबाई भाकरी थापत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती थापता थापता थांबली, हात पिठात तसाच.

"म्हंजे वीसले एक?"

"हाव."

"त्याईले सांगितलं नाई तुमी?"

"त्यात सांगायचं काय असते? रेघ म्हंजे खंडी. मी जन्मभर..."

गुणाबाईनं दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "कोनाले म्हनू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकं साहेबाले चोर म्हनून राह्यले, म्हनू द्या. साहेब नागपुरात, त्याचं काय जाते?"

"आन मोर्च्यात साहेबानं तो पुठ्ठा काढून दाखवला तं? भैयाजी तोंडावर पडन. मंग खैरीपारचं नाव पुन्ना कोनी घेनार नाई. आता सांगितलं तं पुन्ना मोजा म्हनता येते."

"आन तुमाले काय म्हनन लोकं? येड्यात काढन! मापारी म्हनून मिरवलं जन्मभर. या वयात तोंड काळं करून घेता?"

खरं सांगायचं तर त्याला लोकांच्या हसण्याची भीती नव्हती, निदान तीच एक नव्हती. त्याला अंजनाबाई दिसत होती. आपण तिच्याजवळ बसून काय बोललो होतो ते आठवत होतं. आकडा पक्का आहे, मी मोजला आहे. ते शब्द गिळता येत असते तर त्यानं काट्याकुट्यांसकट गिळले असते. त्या दिवशी त्यानं भाकरीचा तुकडा मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारापुढं दोन-अडीचशे माणसं जमली. भैयाजी स्टुलावर चढला आणि मोजणीवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. लोक पेटले होते. "जीप जाळा त्याची!" असंही कुणी मागून ओरडलं. बाया एका बाजूला बसल्या होत्या, पुढं अंजनाबाई. भैयाजीनं हात वर केला. "आता लटारूभाऊ सांगतेत किती मोजले!"

लटारू उभा राहिला. त्यानं शेला डोक्यावरून काढला आणि हातात घेतला.

"साहेबाची चूक नाई," तो म्हणाला.

भैयाजीनं वर केलेला हात खाली घेतला.

"चूक माही आहे. त्यानं रेघ मारा म्हनलं, मी धान मोजावं तशी मारली. वीस मानसाची एक. चौऱ्याण्णव रेघा म्हंजे चौऱ्याण्णव खंड्या. साहेबाले ते ठाऊक नाई, मी सांगितलं नाई. अठराशेऐंशीच्या वर माणूस होता. मी त्याईले चौऱ्याण्णव करून देल्लं."

पलीकडे गिरणीचा पट्टा फिरताना ऐकू येत होता. कुणी शिवी द्यावी, कुणी दगड मारावा, असं लटारूला फार वाटलं. कुणी काही केलं नाही. एक म्हातारा नुसता "अरे माह्या देवा" म्हणाला. तरण्या पोरांपैकी एकजण हसायला गेला आणि शेजारच्यानं त्याच्या मांडीला चिमटा काढला. भैयाजी स्टुलावरून खाली उतरला. सगळ्यांना एकाच वेळी कळून चुकलं होतं, की आपल्याला कुणी लुटलं नव्हतं. शिव्या द्यायला समोर दुश्मन होता तोवर बरं होतं. आता तोही नाही.

अंजनाबाई उठली. दोन महिन्यांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"लटारूभाऊ, त्या रेघाइमंदी माहा श्रीहरी होता?"

"होता, बाई. तिन्ही दिवस होता."

"कोनत्या रेघंत?"

चाळीस वर्षं त्यानं धान मोजलं होतं. कोणता दाणा कोणत्या खंडीत, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सकाळचं गार वारं, पोराचं ते हसणं, मागे-पुढे जाणं, सगळं त्याला आठवत होतं. पण रेघ? रेघा सगळ्या सारख्या. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पांढऱ्या मिशांचा माणूस अडीचशे माणसांपुढं लहान लेकरासारखा रडला, आणि ते पाहून कुणाला हसू आलं नाही.

"मले ठाऊक नाई, बाई," तो म्हणाला.

अंजनाबाई भैयाजीकडे वळली. "मोर्चा कायचा काढता? अर्ज लिवा. पुन्ना मोजा म्हना. लटारूभाऊचा अंगठा घ्या त्याच्यावर."

अर्ज गेला, त्याच्यावर लटारूचा अंगठा आणि खाली तीनशे अंगठे आणि सह्या. भैयाजीनं कचेरीच्या नऊ चकरा मारल्या. ऑगस्टात तेच साहेब जीपमधून पुन्हा आले. अर्ज वाचून तेही हादरले असावेत, कारण या खेपेला ते पहाटे पाच वाजता स्वतः पुलाच्या तोंडाशी उभे राहिले. लटारूला त्यांनी काही बोल लावला नाही. पुठ्ठा त्याच्याच हातात दिला. "मामा, एका माणसाची एक रेघ. मी शेजारी आहे." लटारू म्हणाला, "साहेब, माह्याच्यानं होनार नाई, दुसऱ्याले द्या." साहेब म्हणाले, "तुम्हीच मोजा."

नदी दुथडी भरलेली. उजाडायला लागलं होतं. बिगाऱ्यांची पहिली टोळी यायची होती, त्याआधीच वस्तीच्या बाजूनं एकटी बाई येताना दिसली. काठी टेकत, पांढरं लुगडं. साठी उलटलेली, शहरात काहीही काम नसलेली. श्रीहरी गेल्यापासून या पुलाकडं तिनं तोंड केलं नव्हतं.

"बाई, तुमी काऊन आल्या?" लटारू स्टुलावरून उठला. "पाय घसरन, वापस जा."

"त्या टायमाले जितके होते तितके भरले पायजे," अंजनाबाई म्हणाली. "एक कमी भरन. त्याच्या जागी मी जातो. मोज मले."

ती नव्या रुळावर चढली. एका स्लिपरवर काठी, मग पाय, मग दुसऱ्या स्लिपरवर काठी. खाली गढूळ पाणी फेसाळत होतं. साहेबांनी पुढं होऊन तिला धरायला हात केला, तिनं तो बाजूला सारला. लटारू बघत होता, ती पहिल्या सज्ज्यापर्यंत पोचली, दुसऱ्यापर्यंत पोचली, पलीकडे उतरली. मागं वळून तिनं पाहिलं नाही.

"मामा," साहेब हळूच म्हणाले, "रेघ."

लटारूनं पेन्सिल पुठ्ठ्यावर टेकवली. त्यानं एका माणसाची एक रेघ ओढली, वेडीवाकडी, आणि ती पुरी व्हायला त्याला इतका वेळ लागला की तोवर बिगाऱ्यांची टोळी पुलाशी येऊन, कुणी न सांगता, थांबून राहिली होती.